पेटीचं विजेट कशात बांधायचं: रिअ‍ॅक्टमध्ये की कस्टम एलिमेंटमध्ये?

फेब्रुवारी उजाडला की रत्नागिरी-देवगडकडच्या बागायतदारांचे फोन सुरू होतात. "साइटवर हापूसच्या पेटीची ऑर्डर घेता आली पाहिजे, पाडव्याच्या आत." पाडवा कधी आहे हे त्यांना नेमकं ठाऊक असतं, आपली साइट कशात बांधली आहे हे नसतं. एकाची वर्डप्रेसमध्ये, दुसऱ्याची पुतण्याने कॉलेजात असताना लिहिलेली पीएचपी, तिसऱ्याची साधी एचटीएमएलची तीन पानं. विजेट, म्हणजे पानात बसवायचा ऑर्डरचा छोटा तयार भाग, मात्र सगळ्यांना तेच हवं: फळाचा आकार, पेटी किती डझनाची, किती पेट्या, पिनकोड, पोचायची तारीख आणि खाली एकूण रक्कम.

दिसायला हे पाच रकाने. पण आकार बदलला की डझनाचे पर्याय बदलतात, कारण मोठं फळ पेटीत कमी मावतं. पिनकोड बदलला की तारखा बदलतात आणि कशालाही हात लावला की रक्कम. असं एकमेकांशी बोलणाऱ्या घटकांचं मिळून एक विजेट बांधायचं, तेही एकदाच, म्हणजे काम वाटतं तेवढं सोपं राहत नाही.

माझं मत आधीच सांगतो. विजेट एकाच घरात नांदणार असेल तर त्या घराच्या फ्रेमवर्कमध्येच (रिअ‍ॅक्टसारख्या तयार सांगाड्यात) बांधा. दारोदार, म्हणजे अनेक साइटवर, जाणार असेल तर कस्टम एलिमेंट, म्हणजे आपण स्वतः बनवलेला एचटीएमएलचा टॅग. खाचाखोचा मात्र दोन्हीकडे आहेत.

रिअ‍ॅक्ट फेसबुकने २०१३ मध्ये खुलं केलं, २०१९ मध्ये हुक्स (साध्या फंक्शनमध्ये बदलती माहिती सांभाळायची सोय) आले, आणि तेव्हापासून अशी जोडविजेटं लिहिणं खरोखर सुखाचं झालं. स्टेट, म्हणजे बदलती माहिती, वरच्या कंपोनंटकडे (कंपोनंट म्हणजे पानाचा एक सुटा तुकडा), खालच्यांना ती प्रॉप्स म्हणून मिळते. आकाराचा कंपोनंट "मला बदललं" एवढंच सांगतो, पुढचं वरचा बघतो. टाइपस्क्रिप्ट (माहितीचे प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट) असेल तर चुकीचा प्रॉप दिल्यावर एडिटरच ओरडतो. व्ह्यू या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्येही हीच सोय, फक्त बोली वेगळी. पाच-सात होमस्टेंचं बुकिंग, हिशेब, खोल्यांचा तक्ता असं सगळं एकाच अ‍ॅपमध्ये असेल तर या लेखाची तुम्हाला गरजच नाही.

पंचाईत होते ती परक्या घरात. माझं पहिलं पेटी-विजेट रिअ‍ॅक्टमध्येच होतं. एका बागायतदाराच्या साइटवर चढवलं आणि पेट्या कमी-जास्त करायची अधिक-उण्याची बटणं पानभर पसरली. थीममध्ये कोणीतरी प्रत्येक बटणाला शंभर टक्के रुंदी देऊन ठेवली होती. अक्षरं कॅपिटल करायचाही नियम होता, तेवढ्यापुरतं देवनागरीने वाचवलं! शिवाय पाच रकान्यांसाठी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनवर चाळीस केबीच्या वरची लायब्ररी उतरवायची. पानावर आधीच दुसऱ्या कुणाचं रिअ‍ॅक्ट असेल तर तेही दोनदा.

कस्टम एलिमेंट ही ब्राउझरचीच सोय. तुमचा स्वतःचा टॅग बनतो. त्याच्या नावात आडवी रेघ लागतेच आणि पहिलं अक्षर छोट्या रोमन लिपीतलंच. ही रेघ असते म्हणून पुढे एचटीएमएलमध्ये नवा टॅग आला तरी तुमच्याशी टक्कर होत नाही. त्याच्या पोटात शॅडो डॉम, म्हणजे पानापासून भिंतीने वेगळा केलेला भाग, ठेवला की बाहेरचे सीएसएसचे (रंगरूपाचे) नियम आतल्या बटणांना लागत नाहीत. फायरफॉक्समध्ये हे दोन्ही ऑक्टोबर २०१८ मध्ये आलं, एजमध्ये जानेवारी २०२० पासून, क्रोम आणि सफारीत त्याआधीच होतं. म्हणजे आता "ब्राउझर चालवतो का?" ही शंका काढायचं कारण उरलेलं नाही.

भिंतीला खिडक्या मात्र आहेत. फॉन्ट आणि अक्षरांचा रंग वारशाने आत येतात, सीएसएस व्हेरिएबल्सही (नाव देऊन ठेवलेले रंग-मापं) येतात. त्यामुळे मालकाच्या साइटचा रंग विजेटला देणं एका ओळीचं काम. फक्त देवनागरी फॉन्टची घोषणा शॅडोच्या आत करू नका, ती चालत नाही. मुख्य पानातच करावी लागते. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे. दुसरी खिडकी स्लॉटची, म्हणजे बाहेरचा मजकूर आत दाखवायला सोडलेल्या जागेची. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यांनी नोंदणी केली आहे त्यांना ते चिन्ह पेटीशेजारी दाखवायचं असतं, बाकीच्यांना नसतं. मी तिथे स्लॉट ठेवला. ज्याने त्याने हवं ते आत टाकावं. रिअ‍ॅक्टमध्ये हे चिल्ड्रन, म्हणजे आतला मजकूर, पाठवून होतं, पण ते पाठवायला मालकाच्या माणसाला रिअ‍ॅक्ट यायला हवं. एचटीएमएल त्याला येतंच.

आता दुखणी. शॅडोच्या आतले रकाने बाहेरच्या फॉर्मबरोबर आपोआप जात नाहीत. त्यासाठी एलिमेंट-इंटरनल्स ही ब्राउझरची सोय वापरून त्यांत भरलेलं फॉर्मला कळवावं लागतं, आणि सफारीत ही सोय मार्च २०२३ च्या १६.४ पासूनच आहे. आयफोन ७ तिथवर पोचतच नाही, आणि मुंबईत एखाद्या काकांच्या हातात तो हमखास असतो. बाहेरचं लेबल आतल्या रकान्याला जोडता येत नाही, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्याची गैरसोय. लेबल आणि रकाना एकाच बाजूला ठेवा. आतून उठवलेला कस्टम इव्हेंट ('बदल झाला' असा आपला संदेश) 'कंपोज्ड', म्हणजे भिंत ओलांडणारा, केला नाही तर भिंतीपाशीच विरतो. अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे टॅगमध्येच लिहिलेली माहिती, नेहमी मजकूरच असतो; दरांचा तक्ता द्यायचा तर प्रॉपर्टीने, म्हणजे स्क्रिप्टमधून, द्यावा लागतो. जुन्या रिअ‍ॅक्टमधून हे करताना जीव मेटाकुटीला यायचा, डिसेंबर २०२४ च्या रिअ‍ॅक्ट १९ ने ती अडचण काढली.

कोकणापुरतं बोलायचं तर माझ्या लेखी निकाल लागतो तो रेंजवर. बाग घाटीत, मालक मचाणावर, फोनला एकच काडी. नुसत्या रिअ‍ॅक्टचं विजेट स्क्रिप्ट येईपर्यंत रिकामा डबा असतं. सर्व्हरवर रेंडर करा, म्हणजे पान तिथूनच तयार होऊन येऊ द्या, म्हणावं तर पुतण्याच्या पीएचपीत ते कोण करणार? कस्टम एलिमेंटच्या टॅगमध्ये मात्र आधीच साधा फॉर्म आणि फोन नंबर लिहून ठेवता येतो. अनोळखी टॅगच्या आतला मजकूर ब्राउझर दाखवतोच. स्क्रिप्ट आली की त्या जागी विजेट उभं राहतं, नाही आली तरी ऑर्डर जाते.

कशातही बांधा, एक गोष्ट आधी ठरवा: रकान्यांतली खरी माहिती कोणाकडे? पाच रकाने आपापली माहिती सांभाळू लागले की तारीख एक सांगते आणि रक्कम दुसरंच. सगळं मिळून एकच ऑब्जेक्ट (माहितीचं एक गाठोडं), बाहेर एकच इव्हेंट. दाखवायचे आकडे आणि ठेवायचे आकडेही वेगळे हवेत. मराठी लोकेलने, म्हणजे भाषेच्या सेटिंगने, ब्राउझर रक्कम '४,८००' अशी देवनागरीत छान लिहून देतो, पण तीच परत वाचायला गेलात तर जावास्क्रिप्टला ती संख्या वाटत नाही.

मधला रस्ताही आहे. व्ह्यू ३.२ पासून व्ह्यूचाच कंपोनंट कस्टम एलिमेंट म्हणून बाहेर काढता येतो. व्ह्यू येत असेल तर नवीन शिकायला नको, पण व्ह्यूचं वजन सोबत येतं. लिट ही कस्टम एलिमेंट बांधायची, गूगलमध्ये जन्मलेली लायब्ररी सुमारे पाच केबीची, मी आता तीच वापरतो. आणि दोन खोल्यांच्या न्याहारी-निवासासाठी कोणी विचारलं तर दोन्ही नको म्हणून सांगतो. तारखेचा साधा रकाना, माणसांची संख्या, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. तेवढ्यात काम भागतं.

पाडवा तीन आठवड्यांवर आला असेल आणि साइट चार असतील, तर लिट घ्या आणि शॅडो बंद ठेवून सुरुवात करा. फॉर्म आणि लेबलं लगेच चालतील. स्लॉट मात्र शॅडोशिवाय नाही, तेव्हा मानांकनाचं चिन्ह सध्या टॅगच्या बाहेर. बटणं पानभर पसरली तर त्या एका साइटपुरते चार ओळींचे नियम लिहा. भिंत मे महिन्यानंतर बांधता येईल, पाऊस पडायला लागला की फोन तसेही थांबतात.