जुन्या बोटीच्या मोटरीसाठी स्पार्क टेस्टर घेतला, त्याचा रिव्ह्यू (गॅप कमीजास्त करता येणारा)

नाथसागरात (पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यात) मासेमारी करणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडं जुनी आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागं लावायचं इंजिन) आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण या वस्तूबद्दल मराठीत कुठं काही सापडलं नाही आणि दुकानात विचारलं तर समोरचा नुस्ता प्लग बदला म्हणतो.

वस्तू साधी आहे, प्लगपर्यंत येणारी ठिणगी किती जोरदार आहे ते दाखवते. प्लास्टिकची पारदर्शक नळी, आत दोन टोकं समोरासमोर, मागचा स्क्रू फिरवला की त्यांच्यातलं अंतर कमीजास्त होतं, बाजूला मिलिमीटरच्या खुणा. एका टोकाला प्लगची कॅप बसते, दुसऱ्याला वायर आणि मगर क्लिप, ती इंजिनच्या मोकळ्या धातूला लावायची. ऑनलाईन साडेतीनशेच्या आसपास पडला. एवढंच आहे, सेल नाही काही नाही.

आता याची गरज काहून पडते ते सांगतो. आपल्याकडं पद्धत काय, प्लग काढायचा, कॅपला लावायचा, हेडला टेकवायचा आणि कोणाला तरी म्हणायचं मामा दोरी ओढा. ठिणगी दिसली की करंट आहे, चला कार्बोरेटर खोला. पण प्लगचा गॅप एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी असतो आणि उघड्या हवेत एवढ्याशा गॅपवरून दमलेला करंटही उडी मारतो. सिलेंडरच्या आत दाबलेली हवा असते, तिथं तोच गॅप ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे बाहेर ठिणगी दिसते अन् आत पडत नाही, आणि आपण महिनाभर पेट्रोलच्या मागं लागतो. या टेस्टरमध्ये तुम्ही गॅप ९-१० मिलिमीटर ठेवता, सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असलेल्या चांगल्या मोटरीची ठिणगी तेवढं अंतर निळी-पांढरी, कडक आवाज करत ओलांडते. पिवळी-नारिंगी आणि मधेच गायब होणारी ठिणगी म्हणजे गडबड. पॉईंटवाल्या (सीडीआयऐवजी उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट असलेल्या) फार जुन्या मोटरीला मात्र १० ची अपेक्षा ठेवू नका, तिला ६ मिलिमीटर पुरे, नाहीतर चांगली मोटर खराब ठरेल.

आमची मोटर दोन सिलेंडरची टू-स्ट्रोक, १५ हॉर्सपॉवर, दोरी ओढून चालू होणारी. तक्रार अशी की सकाळी पहिल्या-दुसऱ्या ओढीत चालू व्हायची, कायगाव टोक्याच्या बाजूला अर्ध्या तासात पोहोचेपर्यंत अचानक बंद, मग कितीही ओढा, खोकायची पण नाही. थोडं थांबलं की परत चालू, जसं काही झालंच नाही. ज्यांनी नाथसागर पाहिला नाही त्यांना सांगतो, भरलं धरण म्हणजे साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पाणी, दुपारनंतर वारा सुटला की लाटा उठतात, तिथं मधोमध मोटर बंद पडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. थर्माकोलच्या तराफ्यावरचा माणूस वल्हवून निघतो, आपली जड बोट वल्ह्यानं किती सरकणार. म्हणून हा विषय मला साधा वाटत नाही.

एका मेकॅनिकनं (नाव देत नाही) कार्बोरेटर धुतला, मग सांगितलं सीडीआय गेला, आठ हजार लागतील. का गेला, कशावरून, याचं उत्तर नाही. मग टेस्टर मागवला.

थंड असताना दोन्ही सिलेंडरला १० मिलिमीटरवर झक्कास ठिणगी. इथंच बरेच लोक थांबतात आणि इग्निशन ओके म्हणून मोकळे होतात. आम्ही मोटर काठाला बांधून बंद पडेपर्यंत चालवली आणि ती मेली त्याच क्षणी टेस्टर लावला, तर दोन्हीकडं काही नाही, गॅप पाचवर आणला तेव्हा कुठं तुरळक, पिवळट ठिणगी. या एका गोष्टीनं अर्धं काम झालं बघा. बिघाड पेट्रोलमध्ये नाही, करंटमध्ये आहे, आणि गरम झाल्यावरच येतो. दोन्ही सिलेंडर एकदम मेले म्हणजे दोन्हीला सामाईक असलेलं काहीतरी, एखादा प्लग किंवा एखादी कॅप नव्हे.

सामाईक म्हटलं की पहिला नंबर किल स्विचचा, म्हणजे मोटर बंद करायच्या बटणाचा. बटणात ओल शिरली, गंज चढला, वायर सोलली तर तो आतल्या आत अर्थ होतो (करंट इंजिनच्या धातूत उतरतो) आणि पूर्ण इग्निशन बंद. स्टॉपची वायर सीडीआयपासून सोडवायची (रंग कंपनीप्रमाणं बदलतो, डायग्राम बघून घ्या) आणि परत टेस्ट करायची. ठिणगी आली तर दोष स्विचचा, शे-दोनशेत काम भागतं. फक्त वायर सोडवल्यावर मोटर बटणानं बंद होणार नाही, चोक ओढून बंद करावी लागते, हे आधी सांगून ठेवा सगळ्यांना. आमच्यात स्विच चांगला निघाला.

मग राहिलं फ्लायव्हीलखालचं (मोटरीच्या वरच्या जड चाकाखालचं), म्हणजे सीडीआयला वीज देणारी चार्ज कॉईल आणि ठिणगी कधी पाडायची ते सांगणारा पल्सर. मल्टिमीटर लावला, थंड असताना चार्ज कॉईलचा रेझिस्टन्स मॅन्युअलप्रमाणं, गरम असताना सर्किट ओपन. वायंडिंग आत कुठंतरी तुटलेलं, थंडीत टेकायचं आणि तापलं की सुटायचं. सीडीआय ठणठणीत होता. कॉईल मुंबईहून मागवली, फ्लायव्हील पुलर लावून काढलं, हातोड्यानं ठोकून काढू नका भाऊ, आतले मॅग्नेट सुटतात, आणि काढल्यावर फ्लायव्हील शाफ्टवर जागेवर धरणारी ती छोटी चावी कापली गेलेली नाही ना ते बघा, ती कापली की टायमिंग सरकतं आणि ठिणगी असूनही मोटर उलटा झटका देते. कॉईल बदलल्यापासून मोटर मधे कुठं थांबली नाही.

टेस्टरचे दोष पण आहेत. मगर क्लिपची स्प्रिंग कमजोर, रंग लावलेल्या जागी लावली तर अर्थ मिळतच नाही आणि ठिणगी नाही असं चुकीचं वाटतं, आम्ही दुसरी क्लिप बसवली. भर उन्हात ठिणगी दिसत नाही, सावली करावी लागते किंवा आवाजावर जावं लागतं. स्क्रू जरा ढिला, धक्का लागला की गॅप सरकतो. खुणा छापील आहेत, पेट्रोलच्या हातानं पुसल्या जातील असं वाटतं, म्हणून मी १० वर ब्लेडनं रेघ मारून ठेवली.

वापरताना काळजी. सीडीआयचा झटका जबरदस्त असतो, दोरी ओढताना टेस्टर किंवा कॅप हातात धरायची नाही. दुसऱ्या सिलेंडरची वायर मोकळी लटकत ठेवू नका, ती पण अर्थ करा, नाहीतर सीडीआयच उडू शकतो. प्लग काढून ओढणार असाल तर आधी पेट्रोलचा पाईप काढा, भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, क्लिप त्या भोकापासून लांब लावा आणि भोकांवर फडकं ठेवा.

बाजारात दुसरा एक प्रकार मिळतो, कॅप आणि प्लगच्या मधे बसवायचा, आत बल्ब लागतो. तो स्वस्त आहे आणि चालू मोटरीत कोणतं सिलेंडर मिस मारतंय हे दाखवतो, त्यासाठी चांगला. पण कमजोर करंटवर पण तो बल्ब लागतोच, त्यामुळं आमच्यासारख्या बिघाडात त्याचा उपयोग नाही. एकच घ्यायचा तर गॅपवाला घ्या.

प्लगबद्दल थोडं, कारण दुकानदार काहीही देतात. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबरात मधला आकडा मोठा तितका प्लग थंड (उष्णता लवकर सोडणारा), म्हणजे बी७ पेक्षा बी८ थंड. आणि बी७एचएस आणि बी७एचएस-१० हे एकच समजू नका, शेवटच्या १० चा अर्थ गॅप १ मिलिमीटर. मोटरीच्या मॅन्युअलमध्ये असेल तोच घ्या. टू-स्ट्रोकला प्लग काळा ओला होत असेल तर इग्निशनच्या आधी तेलाचं प्रमाण बघा, ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, आणि बाटलीवर टीसीडब्ल्यू-३ (बोटीच्या टू-स्ट्रोक मोटरीच्या तेलाचा दर्जा) लिहिलेलं पाहिजे.

पाचपैकी चार स्टार, एक कापला क्लिपसाठी. घेताना स्क्रूला लॉकनट असलेला मिळाला तर पन्नास-शंभर जास्त द्या, आणि आल्याबरोबर आधी एखाद्या चांगल्या चालू मोटरीवर लावून बघा, म्हणजे चांगली ठिणगी कशी दिसते, कशी वाजते ते डोळ्याला-कानाला माहीत होईल.