व्हॅक्यूम पंपाने घरची वाइन: एका पूर्ण हंगामानंतर

व्हॅक्यूम पंप घेणारे बहुतेक जण तो वाइनमधला वायू काढण्यासाठी घेतात, आणि विकणारेही तेच पुढे करतात. कॅलिफोर्नियातल्या आमच्या गॅरेजमध्ये लोडाय भागातल्या झिनफँडेल जातीच्या द्राक्षांचा एक हंगाम आंबवण्यापासून बाटलीपर्यंत या पंपावर पार पडला. त्यानंतर माझे ठाम मत असे, की पंपाचे पैसे वसूल होतात ते रॅकिंगमध्ये, म्हणजे गाळावरची वाइन दुसऱ्या कारबॉयमध्ये (अरुंद तोंडाच्या मोठ्या बाटलीत) काढून घेताना.

23 लिटरचा काचेचा कारबॉय भरला की काचेसकट तीस किलोच्या आसपास जातो. सायफन लावायचा तर तो टेबलावर चढवावा लागतो. चढवताना तळाचा गाळ हलतो आणि महिनाभर निवळत आलेली वाइन पुन्हा गढूळ होते. शिवाय ओल्या काचेचे एवढे ओझे उचलणे हे या छंदातले सगळ्यात धोक्याचे काम आहे. पंपाने हे उचलणेच संपते. दोन्ही कारबॉय जमिनीवर शेजारी ठेवायचे. पंप रिकाम्या कारबॉयमधली हवा काढतो आणि भरलेल्यातल्या वाइनवरचा हवेचा दाब तिला नळीतून पलीकडे ढकलतो. भरलेल्या कारबॉयचे बूच मात्र मोकळे हवे, नाहीतर प्रवाह अडतो. नळीचे टोक काचेच्या कडेला टेकवले की वाइन भिंतीवरून शांतपणे उतरते. वाइन पडते त्या जागेतली बरीचशी हवा आधीच निघालेली असते, त्यामुळे ऑक्सिजनशी संपर्कही कमी येतो.

पंप आणि कारबॉय यांच्यामध्ये एक रिकामी बरणी जोडलेली असलीच पाहिजे. उतू गेलेली वाइन किंवा फेस तिथे अडकतो, पंपात शिरत नाही. नळीत सतत बारीक बुडबुडे दिसले तर कुठलातरी जोड हवा घेतोय असे समजावे आणि तो शोधूनच पुढे जावे.

आता वायूबद्दल. आंबणे संपते तेव्हा वाइनमध्ये लिटरमागे साधारण दीड ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो जिभेला चुरचुरतो, घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरला चिकटून आकडा वर दाखवतो आणि गाळ खाली बसू देत नाही. किटची, म्हणजे विकतच्या तयार रसाची वाइन सहा-आठ आठवड्यांत बाटलीत जाते, तिथे पंपाला पर्याय नाही. ड्रिलला पाते लावून घुसळण्यापेक्षा हे कितीतरी चांगले, कारण घुसळताना हवा आत जाते. वाइन 21 ते 24 अंश सेल्सियसवर आणावी, थंड वाइन वायू सोडत नाही. वर मोकळी जागा ठेवावी आणि बाहेरची हवा आत सोडणारी झडप हळूहळू बंद करत व्हॅक्यूम पाऱ्याच्या 20 इंचांपर्यंत न्यावा. घाई केली की फेस थेट बरणीत.

द्राक्षांच्या वाइनचे गणित वेगळे. झिनफँडेलचा घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात कच्चे मणी असतात आणि बेदाणा झालेलेही. बेदाण्यांतली साखर उशिरा सुटते, वायू बनतच राहतो. पुढे मॅलोलॅक्टिक आंबवण होते (जीवाणू मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करतात), तिच्यातूनही तोच वायू निघतो. शरद ऋतूत तास तास पंप चालवून काय साधणार? वर्षभर कारबॉयमध्ये मुरणारी वाइन आपणहून शांत होते, आणि दर रॅकिंगला पंप थोडा वायू काढतोच.

‘व्हॅक्यूमने अल्कोहोल उडून जातो’ ही भीती मला वारंवार ऐकू येते. 20 इंचांवर वातावरणाच्या दाबाचा तिसरा हिस्सा अजून शिल्लक असतो. घरातल्या तापमानाला वाइन उकळायला तो तीन टक्क्यांच्या आसपास उतरावा लागेल. गंध मात्र थोडा जातो, आणि वाइन टिकवणारा मोकळा सल्फर डायऑक्साइडही. म्हणून रॅकिंगनंतर तो मोजून सल्फाइटची (तो देणाऱ्या क्षाराची) भर घालावी आणि नाजूक वासाच्या पांढऱ्या वाइनवर पंप फार वेळ ठेवू नये.

बाटल्या भरायला हे साधन उत्तम. ठरलेल्या पातळीला पोचल्यावर जास्तीची वाइन आपोआप बरणीत जाते, प्रत्येक बाटलीची पातळी सारखी. अर्धवट भरलेल्या कारबॉयमधली हवा काढून वाइन साठवण्याचा प्रकार मात्र मला पटला नाही. बुचातून हवा हळूहळू परत येते. त्यापेक्षा लहान बाटल्या गळ्यापर्यंत भराव्यात.

सुरक्षेबाबत तडजोड नको: फक्त गोल, जाड काचेचा, ओरखडा नसलेला कारबॉय आणि डोळ्यांवर गॉगल. प्लास्टिकचा कारबॉय आत चेपतो, चौकोनी काच फुटू शकते.

इथे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एका प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला 200 गॅलन वाइन स्वतःसाठी करता येते, विकता येत नाही. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय वाइन बनवणे गुन्हा आहे, त्यामुळे नाशिकची द्राक्षे हाताशी असली तरी तिथल्या वाचकांनी आधी हे पाहावे.

पंप घेताना तेल न लागणारा डायफ्राम पंप घ्यावा. एसी दुरुस्तीचे तेलाचे पंप स्वस्तात मिळतात, पण त्यांच्यातून तेलाची वाफ बाहेर येते आणि अल्कोहोलने तेल खराब होते. गाडीच्या ब्रेकसाठीचा हातपंप एका गॅलनच्या बरणीला पुरतो, 23 लिटरला हात भरून येतात.