ऑइल सीलचा पाच नगांचा सेट: दोन घ्या, एक सोडा, दोन मापून बसवा

ऑइल सील म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टभोवती बसून तेल आत अडवणारी रबरी कडी. छोट्या पेट्रोल गाडीसाठी बाजारात अशा सीलांचे तयार सेट मिळतात, त्यातलाच एक इथे बघू. या सेटमध्ये पाच नग आहेत: क्रँकचं पुढचं सील, कॅमचं सील, क्रँकचं मागचं मोठं सील आणि ड्राइव्हशाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टची, डावी-उजवी. पुढची दोन बिनघोर बसवावीत. मागचं मात्र या सेटमधलं अजिबात नको.

कारण रबरात आहे. पुढच्या दोन्ही सीलांवर एफकेएमची, म्हणजे फ्लोरो-रबराची, छाप आहे. हे रबर साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. मागचं सील नायट्रिलचं, म्हणजे एनबीआरचं. ते सतत १०० अंशांच्या आसपास राहिलं की हळूहळू कडक होतं, आणि भर घाटात इंजिन ऑइल त्याच्याही वर जातं. लिप, म्हणजे शाफ्टला टेकणारी सीलची कड, कडक झाली की शाफ्टची बारीक थरथर तिला पेलत नाही आणि तेल झिरपू लागतं. त्यात हे सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरीपुढे सीलची किंमत नगण्य. तिथे काटकसर कसली? मागचं सील एफकेएम किंवा पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) वेगळं घ्यावं आणि क्लच बदलताना त्याच खोलाखोलीत उरकावं. रंगावर विसंबू नका. एफकेएम बऱ्याचदा तपकिरी असतं, पण काळंही येतं. सीलवरची छाप वाचा.

मापही सीलवरच असतं. ३५×५०×८ म्हणजे शाफ्ट ३५ मिमी, बाहेरचा व्यास ५० आणि जाडी ८. या सेटमधल्या ड्राइव्हशाफ्टच्या दोन सीलांत फरक चटकन दिसत नाही, पण काही गिअरबॉक्सना डावं-उजवं वेगळं लागतं. लिपच्या आत तिरप्या रेघा असतील तर त्या तेल आत ढकलण्यासाठी असतात. सील उलट फिरणाऱ्या बाजूला बसलं तर त्याच रेघा तेल बाहेर काढतात. सीलवर बाण असेल तर तो शाफ्टच्या फिरण्याशी जुळवून घ्या.

बसवण्याआधी सील उजेडात फिरवून बघा. लिपची कड सलग आणि धारदार हवी, स्प्रिंग खाचेत सगळीकडे बसलेली हवी. या सेटच्या पुढच्या सीलांत इथे बोट ठेवायला जागा नाही.

नवं सीलही गळतं, आणि त्याचा दोष बहुतेक वेळा सीलचा नसतो. जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचकताना शाफ्टवर ओरखडा पडतो आणि तिथूनच गळती सुरू होते. त्यापेक्षा सीलच्या पत्र्याला बारीक भोक पाडा, त्यात स्क्रू फिरवा आणि पक्कडीने सरळ ओढा. ड्रिल आत घुसू देऊ नका. मग शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकलं तर जुन्या लिपने चर पाडलाय. तिथे पातळ स्टीलची स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं आवरण, चढवा. सीलच्या घरात, म्हणजे ते बसतं त्या भोकात, जागा असेल तर नवं सील एक-दीड मिमी कमी खोल बसवलं तरी लिप कोऱ्या पृष्ठभागावर येते.

सीलचं घर पुसून कोरडं करा. रबरी लिपला इंजिन ऑइल आणि लिपा दोन असतील तर त्यांच्या मधल्या जागेत थोडं ग्रीस लावा. शाफ्टवर पुली अडकवणाऱ्या चावीच्या खाचेवर टेप गुंडाळा, नाहीतर खाचेची कड लिप कापते. बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान सॉकेट किंवा पाइपचा तुकडा घेऊन चहूबाजूंनी सारखं ठोका. एका बाजूला हातोडी पडली की सील तिरकं होतं आणि आतली स्प्रिंग निसटते. बाहेरून काहीच कळत नाही. पीटीएफईच्या सीलचा नियम उलटा: लिपला तेल नाही, ग्रीस नाही, सोबतच्या प्लास्टिकच्या मार्गदर्शक बाहीवरून सरकवायचं आणि इंजिन सुरू करण्याआधी उत्पादक सांगेल तितके तास थांबायचं.

आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये सर्रास राहून जाते: पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागात (क्रँककेसमध्ये) साचणारे वायू बाहेर सोडणारी झडप. तो तुंबला की क्रँककेसमधला दाब वाढतो आणि तेल सर्वांत कमकुवत वाटेने बाहेर येतं. तो साफ न करता पाचही सीलं बदलली तर गळती परत येणारच. तसंच मागचं सील गळतंय असं ठरवण्याआधी व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट आणि ऑइल प्रेशर स्विच बघा. दोन्हीकडून तेल मागे ओघळून क्लच हाउसिंगखालीच थेंब पडतो. इंजिन धुऊन, थोडं चालवून, वरून खाली पाहत या.

पुढची सीलं टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि कॅमला जोडणारा पट्टा, बदलतानाच बसवा. बेल्टवर तेल पडत राहिलं तर त्याचं रबर फुगतं आणि बेल्ट मुदतीआधीच जातो. पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडू शकतील असं इंजिन असेल तर बेल्ट तुटल्यावर व्हॉल्व्ह वाकतात.

ड्राइव्हशाफ्ट काढला की गिअर ऑइल सांडतं. नंतर फिलर प्लगच्या कडेपर्यंत भरा. शाफ्ट परत घालताना तो सरळ आधारावर धरा, नाहीतर टोकावरच्या खाचांचे (स्प्लाइनचे) दात नवीन लिप फाडतात.

गळती थांबवणारं बाटलीतलं औषध या सेटसोबत फुकट मिळालं तरी टाकू नका. ते रबर फुगवून काही काळ थेंब थांबवतं, पण कडक झालेल्या लिपला किंवा चर पडलेल्या शाफ्टला त्याचा उपयोग नाही.