इमेज बिल्डरची लाइफसायकल पॉलिसी सीडीकेमधून: फीचर भारी, टाइप ढिसाळ

आधी मार्क सांगतो. एडब्ल्यूएसच्या (अमेझॉनचं क्लाउड) ईसीटू इमेज बिल्डरमधल्या, म्हणजे सर्व्हरच्या इमेज बनवणाऱ्या सेवेतल्या, लाइफसायकल पॉलिसीला (जुन्या इमेज आपोआप काढायचे नियम) माझ्याकडून ५ पैकी ४, आणि तीच पॉलिसी सीडीकेच्या (क्लाउडची मांडणी कोडमध्ये लिहायचं एडब्ल्यूएसचं टूल) एल-वन कन्स्ट्रक्टमध्ये (त्यातला सगळ्यात खालच्या पातळीचा तुकडा) ज्या डेटा टाइपने लिहावी लागते त्याला २, तेही हात सैल सोडून.

फीचरचं कौतुक आधी, कारण ते खरंच कामाचं आहे. आमची टीम बाणेरला, सर्व्हर मुंबई रीजनला, एक कॉपी हैदराबादला. पॅच आला की नवीन एएमआय (मशीन सुरू करायची तयार इमेज) बनतो आणि जुने साठत जातात, कुणी हात लावत नाही कारण कुठला अजून वापरात आहे हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. आणि नुसतं डीरजिस्टर केलं तर एएमआय जातो पण त्याच्या मागचे ईबीएस स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवलेल्या कॉप्या) तसेच राहतात, बिल चालूच. यासाठी लोक लॅम्डा (एडब्ल्यूएसची कोड चालवायची सेवा) स्क्रिप्ट लिहून ठेवायचे आणि ती लिहिणारा माणूस जॉब सोडून गेला की स्क्रिप्ट देवाच्या भरवशावर. २०२३ च्या शेवटी हे काम इमेज बिल्डरमध्येच आलं. इमेज बिल्डरचे वेगळे पैसे नाहीत, खाली जे स्टोरेज वगैरे वापराल त्याचेच. फक्त एक, पॅकरने (इमेज बनवायचं दुसरं टूल) बनवलेल्या एएमआयला ही पॉलिसी आपोआप लागू होत नाही, त्या भरवशावर राहू नका.

अ‍ॅक्शन तीन: डेप्रिकेट, डिसेबल, डिलीट. डेप्रिकेट केलेला एएमआय दुसऱ्यांच्या लिस्टमधून गायब होतो पण आयडी माहीत असेल तर त्यावरून मशीन अजून सुरू होतं. डिसेबल केला की नवीन मशीन बंद, पण परत एनेबल करता येतो. डिलीट म्हणजे विषय संपला. अशी पायरीपायरीने जायची सोय मला जाम आवडली.

आता टाइपकडे येऊ. एल-वन कन्स्ट्रक्ट क्लाउडफॉर्मेशनच्या (सीडीके ज्यावर चालतं ती एडब्ल्यूएसची सेवा) स्कीमावरून आपोआप जनरेट होतात, त्यामुळे तिथे जे सैल तेच इथे सैल. फिल्टरचा टाइप बघा: टाइप नावाची एक स्ट्रिंग, व्हॅल्यू नावाचा नंबर, मग युनिट आणि रिटेन-अ‍ॅट-लीस्ट हे दोन्ही ऑप्शनल. टाइप एज असेल तर व्हॅल्यू म्हणजे वय आणि युनिट लागतंच, टाइप काउंट असेल तर व्हॅल्यू म्हणजे किती इमेज ठेवायच्या आणि युनिटला काही अर्थच नाही. म्हणजे एकाच ३० चे दोन पूर्ण वेगळे अर्थ, आणि कोणता ते शेजारच्या स्ट्रिंगवर. पीआरच्या (कोड बदलायच्या विनंतीच्या) डिफमध्ये फक्त व्हॅल्यूची ओळ बदललेली दिसते तेव्हा रिव्ह्यू करणारा हमखास विचारतो, "अरे हे ३० म्हणजे दिवस का इमेज?" एज लिहून युनिट विसरलात तरी टाइपस्क्रिप्ट काही बोलत नाही, कारण युनिट ऑप्शनल. एज ऐवजी एजेस लिहिलं तरी चालतं, स्ट्रिंगच ती! चूक कळणार डिप्लॉय करताना, सर्व्हिसने नाकारल्यावर, म्हणजे कोथरूडहून निघून हिंजवडीच्या गेटवर पोचल्यावर आयडी कार्ड घरी राहिल्याचं कळावं तसं.

याहून वाईट रिटेन-अ‍ॅट-लीस्ट. "काहीही झालं तरी एवढ्या इमेज शिल्लक ठेव" असं सांगणारं हे फील्ड, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा सेफ्टी बेल्ट. ते बसलंय फिल्टरमध्ये, पण त्याला अर्थ येतो फक्त अ‍ॅक्शन डिलीट असेल आणि फिल्टर एज असेल तेव्हाच. अ‍ॅक्शन तर शेजारच्या ऑब्जेक्टमध्ये! दोन वेगळ्या ऑब्जेक्टमधलं हे नातं टाइपमध्ये कुठेच नाही, डॉक्युमेंटेशनमध्ये एका ओळीत आहे. तसंच एएमआयच्या पॉलिसीत संबंध नसलेलं कंटेनर: ट्रू लिहिलं तर कंपायलर गप्प, आणि डिलीट लिहून स्नॅपशॉट: ट्रू लिहायचं विसरलं तरी गप्प, मग परत तीच बिलाची रड.

आम्ही काय केलं, वर एक पातळ रॅपर लिहिला. डिस्क्रिमिनेटेड युनियन, म्हणजे असा टाइप ज्यात एका फील्डवरून प्रकार ठरतो आणि प्रत्येक प्रकाराची फील्ड वेगळी. फिल्टर दोनच प्रकारचे: वयाचा, ज्यात युनिट कंपल्सरी, आणि संख्येचा, ज्यात युनिट नावाचं फील्डच नाही. अ‍ॅक्शन आणि फिल्टर वेगळे न ठेवता रूल असा एकच टाइप केला, त्यामुळे रिटेन-अ‍ॅट-लीस्ट फक्त "वयावरून डिलीट" या एकाच प्रकारात लिहिता येतं, बाकीकडे लिहायला गेलं की एडिटरमध्येच लाल रेघ. स्विचच्या शेवटी नेव्हरचा चेक, म्हणजे उद्या नवीन प्रकार घातला आणि एखादी केस राहिली तर बिल्डच होत नाही. वयासाठी सीडीकेचा ड्युरेशन वापरायचा मोह झाला होता पण तो दिवसांपर्यंतच जातो, महिना आणि वर्ष त्यात नाहीत, आणि इथे युनिटमध्ये दोन्ही आहेत, म्हणून वेगळा छोटा टाइप.

टीममध्ये एकाचं म्हणणं, एडब्ल्यूएसने नवीन अ‍ॅक्शन आणली तर आपला बंद टाइप अडेल. बरोबर आहे, एडब्ल्यूएसच्या जावा एसडीकेमध्ये त्यासाठीच प्रत्येक इनममध्ये (ठराविक व्हॅल्यूंची यादी) अननोन-टू-एसडीके-व्हर्जन अशी एक जादा व्हॅल्यू असते. पण तो प्रश्न दुसऱ्याचा डेटा वाचताना. आपण पॉलिसी लिहितोय, आणि लिहिताना अडलेलंच बरं.

सीडीकेला हे जमत नाही असंही नाही बरं का. ईसीआरचा (कंटेनर इमेज साठवायची सेवा) लाइफसायकल रूल बघा, तिथे वय द्यायचं तर ड्युरेशन, संख्या द्यायची तर वेगळं फील्ड, दोन्ही दिली किंवा एकही नाही दिलं तर सिंथच्या वेळीच (कोडमधून क्लाउडफॉर्मेशनची फाइल बनताना) एरर. कंपाइलला नाही पकडत, पण डिप्लॉयच्या आधी तरी पकडतं. एवढं इथे असतं तर मी ४ दिले असते.

एक्सक्लूजन रूल मात्र झकास. टॅगवरून वगळा, ठराविक अकाउंटशी शेअर केलेले वगळा, अमुक काळात लाँच झालेले वगळा. शेवटच्याकडे जरा जपून. लाँचची माहिती दिसायला २४ तास लागतात ते एक, आणि मुख्य म्हणजे ऑटो स्केलिंग ग्रुपमधली (लोडप्रमाणे मशीनं कमीजास्त करणारा गट) मशीनं महिनोन् महिने तशीच चालू असतील तर त्यांच्या एएमआयचं शेवटचं लाँच जुनंच दिसणार. पॉलिसी तो उडवणार, चालू मशीनला काही होणार नाही, पण लोड वाढून नवीन मशीन मागितलं की एएमआय सापडत नाही म्हणून लाँच फेल. हे कितीही कडक टाइप लिहिला तरी पकडता येत नाही, कारण लाँच टेम्प्लेटमध्ये (नवीन मशीन कसं सुरू करायचं ती सेटिंग) कुठला एएमआय आहे ते पॉलिसीच्या डेटात नसतंच. आम्ही रिलीजच्या पाइपलाइनमध्येच प्रॉडक्शनला गेलेल्या एएमआयवर टॅग लावतो, टेम्प्लेट नवीन एएमआयवर गेलं की जुन्याचा काढतो, आणि रॅपरमध्ये डिलीटच्या रूलला तो टॅग असलेले एएमआय वगळणं कंपल्सरी करून टाकलंय.