केळीच्या खांबाचा धागा काढणारं यंत्र आणि त्याचं प्रशिक्षण: धागा शेकडा एक, बाकी नव्याण्णवाचं काय?

घड उतरला की उरलेला खांब जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यात अजूनही बांधावर नाहीतर नाल्यात जातो, आणि तो तिथवर नेण्याची मजुरी शेतकऱ्याच्याच खिशातून जाते. या खांबाचं काय करता येईल यावर सीमेपलीकडच्या, गुजरातमधल्या नवसारी कृषी विद्यापीठानं पक्कं काम केलं आहे. खांबाच्या रसाचं ‘नोव्हेल’ हे द्रवखत तिथलंच. आतल्या गाभ्याची कँडीही तिथं करून दाखवली गेली. त्यातलं आपल्याकडे सगळ्यात जास्त पोचलं ते धागा काढणारं यंत्र, आणि त्याच्यासोबत चार-पाच दिवसांचं प्रशिक्षण.

आधी यंत्र. तीन अश्वशक्तीची मोटर, बोथट पात्यांचा फिरता ड्रम आणि समोर एक स्थिर पट्टी, इतकंच. खांब उभा चिरून सोपटं (खांबाचे एकावर एक गुंडाळलेले थर) वेगळी करायची, एक सोपट निम्म्यापर्यंत आत सोडून ओढून घ्यायचं, मग उलटं धरून उरलेलं निम्मं. पाती गर खरवडतात, हातात धागा राहतो. दोन माणसांनी आठ तास नेटानं काम केलं तर 10 ते 15 किलो कोरडा धागा निघतो.

सगळी गोम ड्रम आणि पट्टीमधल्या फटीत आहे. फट जास्त झाली तर धाग्याला गर चिकटून राहतो आणि वाळल्यावर धागा पापडासारखा कडक होतो. कमी झाली तर धागा तुटून चोथ्यात जातो. बाहेरची सोपटं जाड, आतली नाजूक, म्हणून एकाच फटीत सगळा खांब काढू नये. सगळ्यात बाहेरची दोन-तीन वेगळी ठेवा, त्यांचा धागा काळपट आणि राठ येतो, दोरखंडाला चालतो. मधल्या सोपटांचा धागा पांढरा, त्यालाच भाव. गाभ्याजवळच्या सोपटांवर वेळ घालवू नये.

धागा निघाल्या निघाल्या धुवायचा. चीक सुकला की तपकिरी डाग बसतो आणि तो पुन्हा जात नाही, कपड्यावरचा जात नाही तसाच. पिळून सावलीत दोरीवर टाका. खांबही तोडल्यापासून एक-दोन दिवसांत संपवा. साध्या लोखंडाची पाती या रसानं लवकर गंजतात आणि गंज धाग्याला लागतो, म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी स्टेनलेसचीच घ्या. सोपट हाताला गुंडाळून ओढू नका, उपरणं-ओढणी जवळ नको. धागा ड्रमच्या दांड्याला गुंडाळला गेला तर आधी मोटर बंद, मग हात. शेतातल्या थ्री फेजची पाळी रात्रीची असेल तर यंत्र गावात, दिवसभर वीज असेल अशा शेडमध्येच बसवलेलं बरं.

इथवर प्रशिक्षण चांगलं असतं. पुढं हिशेबाला आलं की ढिलं पडतं. वीस किलोच्या खांबातून कोरडा धागा मिळतो साधारण 200 ग्रॅम. म्हणजे 15 किलो धाग्यासाठी दीड टन खांब तोडायचा, वाहायचा, चिरायचा. वाहतूक आणि मजुरी धाग्यावरच टाकली तर धंदा तोट्यात. रस आणि चोथा विकला किंवा शेतात वापरला, तरच गणित बसतं. यंत्र दाखवायला तीन दिवस आणि चोथ्याला अर्धा तास, ही विभागणी उलटी हवी होती.

चोथ्यात जवळजवळ सगळं पाणीच. तो आधी दाबून रस वेगळा काढावा. कच्चा रस दुसऱ्या दिवशी आंबून घाण मारतो, म्हणून तो त्याच दिवशी बागेला द्यायचा. बाटलीतलं द्रवखत म्हणजे नुसता गाळलेला रस नव्हे, त्यावर प्रक्रिया असते. दाबलेला चोथा तीन पाट्या आणि शेण एक पाटी असा ढीग करून पंधरा-वीस दिवस कुजू द्यावा, मगच गांडुळं सोडावीत. ताज्या ढिगाच्या उष्णतेनं ती मरतात किंवा पळतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो, तेव्हा सावली आणि ओलं गोणपाट नसेल तर गांडुळांचा बेड रिकामाच समजा. मर रोगाचा किंवा हरण्या या विषाणू रोगाचा खांब यंत्राजवळही आणू नका. मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते आणि खताबरोबर सगळ्या बागेत जाते.

आणखी दोन गोष्टी प्रशिक्षणात सांगायलाच हव्यात. पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलावरचं पुढचं पीक) धरायची असेल तर घड उतरल्या उतरल्या खांब बुडापासून तोडू नये. त्यातलं अन्न आणि पाणी पिलाला मिळत असतं. यंत्रासाठी खांब घ्यावा तो बाग मोडायची असेल तिथलाच. दुसरं, केळी पालाशची (पोटॅशची) खादाड, आणि खांबात भरपूर पालाश असतं. खांब गावात नेऊन खत दुसऱ्यालाच विकलं, तर पुढच्या हंगामात तेच पोत्यातून विकत आणावं लागेल.

यंत्राला पाचपैकी चार, प्रशिक्षणाला अडीच. पैसे देण्याआधी स्वतःच्या बागेतले पाच खांब घेऊन जा, विक्रेत्यासमोर काढून बघा आणि ओल्या नव्हे, वाळलेल्या धाग्याचं वजन करा.