ब्रश्ड फिनिशच्या नावाखाली अण्णांच्या गाडीचा अस्सल पत्रा गेला

ज्यांच्याकडं जुनी लँड रोव्हर किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची दुसरी कुठली गाडी आहे, आणि रंग उतरवून त्या पत्र्याला बारीक रेघांची, मंद चकाकीची ब्रश्ड सॅटिन फिनिश द्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. माझे १ लाख ३५ हजार रुपये गेले. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण गाडीचा मूळ पत्रा गेला, तो आता कुणीच परत देऊ शकत नाही.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. लँड रोव्हर सिरीज टू-ए, त्यांनी सरकारी लिलावात घेतलेली. परभणीजवळच्या आमच्या शेतातला कापूस जिनिंगवर न्यायला, आईला दवाखान्यात न्यायला, बहिणीच्या लग्नातली भांडीकुंडी आणायला हीच गाडी. डाव्या मडगार्डला बैलाच्या शिंगाचा खोल खड्डा होता. त्याच मडगार्डच्या आतल्या अंगाला अण्णांनी खिळ्यानं इंजिन उतरवल्याची तारीख आणि मिस्त्रीचं नाव कोरून ठेवलं होतं. वही हरवते, पत्रा कुठं जातोय, असं ते म्हणायचे.

या गाडीचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं का, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. लँड रोव्हर १९४८ साली आली तेव्हा महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये पोलाद रेशनवर मिळत होतं. म्हणून बाहेरचा पत्रा बर्माब्राइट नावाच्या मिश्रधातूचा केला, त्यात अ‍ॅल्युमिनियमबरोबर मॅग्नेशियम असतं. चासी मात्र पोलादी. दारांच्या आतल्या चौकटी आणि इंजिन-केबिनमधली भिंतही पोलादीच. ही गोष्ट ध्यानात ठेवा, माझी फसवणूक याच्याच आडून झाली.

अण्णा गेल्यावर गाडी वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. एक दिवस धुताना मागच्या फळक्याचा हिरवा रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली चांदीच्या जुन्या ताटासारखा धातू दिसला. तेव्हाच ठरवलं, की रंग नको, अण्णांच्या गाडीचा धातूच दिसू द्यायचा. चौकशी करत करत छत्रपती संभाजीनगरला, वाळूज भागातल्या एका शेडपर्यंत पोचलो. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे आणि त्याच्या भोवती जॉबवर्क करणाऱ्यांची मोठी वस्ती. धातूचं काम जाणणारी माणसं तिथं खरोखर आहेत. त्या भागाच्या नावावरच मी विश्वास टाकला.

शेडवाला तिशीतला, बोलायला गोड. म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. रंग उतरवू, खड्डे काढू, ब्रश्ड सॅटिन करू, वरून अ‍ॅनोडायझिंग. पंधरा वर्षं हात लावायचं काम नाही."

"आणि हा शिंगाचा खड्डा?"

"दिसणार पण नाही, काका. दारं खोलायचीसुद्धा गरज नाही, आहे तसंच करून देतो."

या दोन वाक्यांत सगळी फसवणूक होती. मला तेव्हा कळली नाही, कारण मला काम कसं होतं तेच माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

उघडा धातू काहीही झाकत नाही. रंगाच्या गाडीत खड्डा पुट्टीनं भरला, घासला, वर रंग मारला की संपलं. ब्रश्ड फिनिशमध्ये पुट्टी चालतच नाही, कारण पुट्टीला घासून धातूची रेघ येत नाही. खड्डा ठोकूनच काढावा लागतो. तोही सावकाश, कारण अ‍ॅल्युमिनियम ठोकत गेलं की कडक होतं आणि चिरतं, मधूनमधून तापवून मऊ करावं लागतं. जुने कारागीर त्यावर साबण घासून ज्योत फिरवतात आणि साबण काळपट पडला की थांबतात. लोखंडासारखं हे लाल होऊन इशारा देत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि डोळ्यादेखत भोक पडतं. इतकं करूनही खोल खड्ड्याची सावली थोडीफार राहतेच. प्रामाणिक कारागीर ते आधी सांगतो.

अ‍ॅनोडायझिंग म्हणजे वरून मारायचा थर नव्हे. तो भाग सुटा करून सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत सोडतात, त्यातून वीज जाते आणि धातूच्याच अंगावर ऑक्साइडचा कडक थर वाढतो, साधारण १० ते २५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्या टाकीत पोलादी चौकट घालता येत नाही, आम्ल ती खातं. म्हणजे लँड रोव्हरचं दार अ‍ॅनोडाइझ करायचं तर बाहेरचा पत्रा चौकटीवरून सोडवायलाच पाहिजे. "दारं न खोलता अ‍ॅनोडायझिंग" असं जो म्हणतो तो एक तर अडाणी आहे नाही तर खोटारडा. मी त्याला ६० हजार ॲडव्हान्स दिला.

तीन आठवडे येऊ नका म्हणाला, धूळ बसते म्हणून. परभणीहून संभाजीनगर २०० किलोमीटर, मलाही ते सोयीचं वाटलं. मधे व्हॉट्सॲपवर फोटो यायचे. एका फोटोत पोरगा उघड्या मडगार्डवर पॅड फिरवत होता. छान वाटलं. नंतर तोच फोटो मोठा करून पाहिला तर त्या मडगार्डवर एकही रिबिट नव्हतं, रिबिटाचं भोकही नव्हतं. ते माझं मडगार्ड नव्हतंच.

गाडी हातात आली तेव्हा खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. उन्हात अशी दिसत होती की आईनं दारातूनच हात जोडले. बोनेटभर समोरून मागं एकसारख्या रेघा, कुठं डाग नाही, कुठं खड्डा नाही. उरलेले ७५ हजार तिथंच यूपीआयनं दिले. पावती म्हणून साध्या कागदावर "बॉडी वर्क" एवढंच लिहून मिळालं. जीएसटीचं बिल मागितलं तर १८ टक्के जास्त लागतील म्हणाला, आणि मी गप्प बसलो.

मे महिना आला. परभणीचा मे ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. एका दुपारी उजव्या चाकावरच्या मडगार्डच्या कडेला सुतासारखी काळपट रेघ दिसली. वाटलं घाण असेल. नखानं खरवडलं तर कड उचलली गेली. धरून हळूच ओढली, तर साप कात टाकतो तशी चांदीची ती कातडी हातात आली. प्लॅस्टिकची फिल्म. रेघा, चकाकी, सगळं छापलेलं. उन्हानं फिल्म आक्रसली म्हणून कड उघडी पडली होती. हीच फिल्म गाड्यांना गुंडाळायला पाच फुटी रोलमध्ये विकत मिळते. ती वाईट वस्तू नाही. "फिल्म लावतो" असं सांगून लावली असती तर माझी तक्रार नसती.

पण फिल्मच्या खाली रेड ऑक्साइड होतं, आणि माझ्या छातीत धस्स झालं ते त्यानं. रेड ऑक्साइड लोखंडाला मारतात, गंज धरू नये म्हणून. अ‍ॅल्युमिनियमला त्याचं काय काम?

आमच्या गल्लीच्या टोकाला एक डेंटर चाचा आहेत, सत्तरीच्या पुढचे, हातोडी अजून सुटली नाही. त्यांना बोलावलं. त्यांनी बोटाच्या पेरानं मडगार्डवर दोन टिचक्या मारल्या, आवाज ऐकला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "अ‍ॅल्युमिनियम किदर है? ये तो लोहे की चद्दर है, साब." मग घरातल्या फुटक्या स्पीकरचं चुंबक काढून आणलं. मडगार्डच्या ऐन मध्यावर लावलं. खटकन बसलं.

दोन्ही मडगार्ड, बोनेटचा वरचा पत्रा, दोन्ही दारांचे पत्रे, सगळीकडं साधा सीआर, म्हणजे पोलादी, पत्रा कापून, वाकवून बसवला होता. लँड रोव्हरचे पत्रे बरेचसे सपाट, त्यामुळं फॅब्रिकेशनवाल्याला फार कष्ट पडले नसतील. मागचा हौदा तेवढा मूळचा राहिला होता, त्यावर अंगठाभर पुट्टी आणि वर फिल्म. अ‍ॅल्युमिनियम भंगारातसुद्धा लोखंडाच्या कितीतरी पट भावानं जातं, आणि जुन्या लँड रोव्हरच्या शौकिनाला मूळ पत्रे विकले तर त्याहून जास्त. शिंगाचा खड्डा "दिसणार पण नाही" हे त्यानं अशा रीतीनं खरं केलं होतं.

फोन केला. आधी म्हणाला, "काका, या गाडीची फ्रेम लोखंडीच असते, चुंबक चिकटणारच." अर्धं खरं सांगितलं की माणूस गडबडतो, मीही क्षणभर गडबडलो. म्हणून सांगतो, चुंबक कडेला लावू नका, कडेच्या आत पोलादी चौकट असते. पत्र्याच्या मधोमध, जिथं मागं काहीच नाही तिथं लावा. आणि गाडी कारागिराकडं सोडायच्या आधीच लावून त्याचा व्हिडिओ काढा, त्याला दाखवून काढा. पुट्टी मात्र अ‍ॅल्युमिनियमवर चुंबकानं ओळखता येत नाही. त्याला रंगाची जाडी मोजायचं यंत्र लागतं, तेही लोखंडाशिवायच्या धातूवर चालणारं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. आमच्या हौद्यावर आकडा हजाराच्या वर गेला.

दुसऱ्या फोनला म्हणाला, तुम्ही फिनिश मागितली, फिनिश दिली. तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. प्रत्यक्ष गेलो तेव्हा शेडमध्ये दुसराच माणूस होता. त्या रस्त्यावरच्या भंगारवाल्यांकडं दिवसभर फिरलो. एकानं पाणी दिलं आणि म्हणाला, "साहेब, इथं आलेलं अ‍ॅल्युमिनियम आठ दिवसांत भट्टीला जातं."

पोलिसांत अर्ज दिला आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे आणि विश्वासानं सोपवलेली वस्तू परस्पर विकण्याला कलम ३१६, दोन्हीचा उल्लेख केला. ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. त्यासाठी संभाजीनगरला खेटे घालावे लागत नाहीत. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार घेतात, दोन वर्षांच्या आत करायची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकिलांनी कागद पाहिले तेव्हा त्यांना "बॉडी वर्क"च्या चिठ्ठीत काही दम दिसला नाही. शेडवाल्याचा एक व्हॉइस मेसेज होता, "ओरिजिनल पत्र्यावरच अ‍ॅनोडायझिंग करतोय काका," तो ऐकून ते सरळ बसले. मी तो पुसला नव्हता हे नशीब. तुम्ही असं काम देणार असाल तर कागदावर "मूळ पत्रा, पुट्टी नाही, फिल्म नाही" हे तीन शब्दप्रयोग सही घेऊन लिहून घ्या. आणि रंग उतरवल्यावर, फिनिश सुरू व्हायच्या आधी, कितीही लांब असलं तरी एकदा जाऊन उघडा पत्रा डोळ्यांनी बघा. मी तो एक दिवस वाचवला.

मागचा फळका तेवढा धड सापडला. त्याची फिल्म ओढून, पुट्टी तासून चाचा आणि मी दोघं मिळून आता त्यावर खरं काम करतोय. आधी रंगाचे उरलेले डाग पेंट रिमूव्हरनं काढले. कॉस्टिक सोडा लावायला काही जण सांगतात, लावू नका, तो अ‍ॅल्युमिनियमच खातो. मग १८० चा पॉलिश पेपर, २४० चा, ३२० चा, साबणाच्या पाण्यात. शेवटी लाकडी पट्टीचा आधार धरून स्कॉच-ब्राइटचं, म्हणजे घासणीसारखं खरखरीत, पॅड या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढायचं, मधे थांबायचं नाही, उलट फिरवायचं नाही. मधे थांबलात की तिथं आडवी खूण उमटते आणि पुन्हा पहिल्यापासून. तारेचा लोखंडी ब्रश चाचा जवळपास ठेवूसुद्धा देत नाहीत. लोखंडाचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि पहिल्या पावसात गंजाचे ठिपके दिसतात. खऱ्या रेघा रिबिटापाशी अडतात, थोड्या फाकतात, आणि पुढं परत जुळतात. शेडवाल्यानं दिलेल्या गाडीवर एकही रेघ कुठं अडलेली नव्हती. ते मी हात फिरवून कौतुकानं पाहिलं होतं.

पत्रे अजून भट्टीला गेले नसतील, कुणा शौकिनानं चांगल्या मनानं विकत घेतले असतील, अशी एक आशा आहे. संभाजीनगर, जालना, किंवा पुण्याकडं कुणाच्या गाडीवर हिरव्या रंगाचं डावं मडगार्ड दिसलं, त्यावर मुठीएवढा गोल खड्डा असला, तर कृपा करून आतल्या बाजूला हात घालून बघा. वरच्या कोपऱ्यात खिळ्यानं कोरलेली तारीख आहे, तिच्याखाली मिस्त्रीचं नाव, आणि नावातली शेवटची दोन अक्षरं जागा न पुरल्यानं खालच्या ओळीत गेली आहेत. घेतलेल्या किमतीपेक्षा जास्त देऊन मी ते परत घेईन.