मुद्रितशोधकाच्या कामाला थिंकपॅड एक्स२७०: कीबोर्ड उत्तम, स्क्रीन मात्र पारखून घ्या

वीस हजारांच्या आत, खांद्यावरच्या पिशवीत मावेल असा लॅपटॉप हवा असेल आणि काम मुख्यतः मराठी वाचण्या-लिहिण्याचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. नवा घेऊ नका. लेनोव्होचा थिंकपॅड एक्स२७० वापरलेला मिळतो, तो घ्या. घेताना एकच हट्ट धरा: स्क्रीन फुल एचडी हवी. बाकी गोष्टींत थोडीफार तडजोड चालेल, यावर नाही. एवढं ठासून सांगायचं कारण असं की लॅपटॉपविषयी जे लिहिलेलं वाचायला मिळतं त्यात गेम किती पळतो, व्हिडिओ किती वेळात तयार होतो याची मोजमापं असतात. दिवसभर देवनागरी वाचणाऱ्या डोळ्यांचा विचार त्यात नसतो.

मी मुद्रितशोधनाचं, म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका शोधण्याचं काम करते. राहायला साताऱ्यात, प्रकाशक बहुतेक पुण्यात, अप्पा बळवंत चौकाच्या आसपास. एरवी पीडीएफ येते, दुरुस्त्या करून परत जाते, कुणाला कुठे जावं लागत नाही. पण श्रावण लागला की दिवाळी अंकांची गडबड सुरू होते आणि मग संगणकावर पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्याच्या शेजारी बसूनच शेवटचे फर्मे (एकत्र छापायच्या पानांचे गठ्ठे) काढावे लागतात. त्या दिवसांत सातारा-स्वारगेट एसटीत बसल्या बसल्या दोन लेख वाचून झाले, तर संध्याकाळची गाडी मिळते. घरच्या साडेपंधरा इंची लॅपटॉपला एसटीत जागाच होत नाही. पुढच्याने सीट मागे टाकली की त्याचा पडदा अर्धाच उघडतो. साडेबारा इंची एक्स२७० त्याच जागेत नीट उघडतो आणि मांडीवर स्थिर राहतो. लहान यंत्र हवं होतं ते एवढ्यासाठी.

हे मॉडेल २०१७ सालचं. परदेशातल्या आणि आपल्याकडच्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना दिलेली यंत्रं काही वर्षांनी एकगठ्ठा निघतात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात पुन्हा विकायला येतात. मला इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेला १७ हजारांना पडला. वजन बॅटरीप्रमाणे बदलतं. लहान बॅटरी लावली तर १.३ किलोच्या आसपास.

आता स्क्रीन. एक्स२७० मुख्यतः दोन प्रकारच्या पडद्यांत निघाला. एक १३६६ बाय ७६८ बिंदूंचा, टीएन या स्वस्त प्रकारचा पडदा, दुसरा १९२० बाय १०८० चा, म्हणजे फुल एचडी, आयपीएस प्रकारचा, जो कुठल्याही बाजूने नीट दिसतो. बाजारात पहिला जास्त दिसतो, कारण कंपन्या घाऊक खरेदी करताना तोच घेत. दोघांतल्या किमतीचा फरक वापरलेल्या मालात फार नसतो. कामातला फरक मात्र मोठा आहे, आणि तो रोमन लिपीपेक्षा आपल्याला जास्त जाणवतो.

हिशेब साधा आहे. साडेबारा इंचांत पहिल्या पडद्यावर दर इंचाला सुमारे १२५ बिंदू येतात, दुसऱ्यावर १७६. पुस्तकाचा मजकूर ११ पॉइंटात लावलेला असला आणि पान मूळ आकारात पाहिलं, तर पहिल्या पडद्यावर एका अक्षराच्या पूर्ण उंचीला १९ बिंदू मिळतात. इंग्रजीला तेवढे पुरतात. आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार लागतात आणि खाली उकार, ऋकार, पायमोडके व्यंजन. ‘वर्षांत’ हा शब्द घ्या. ‘षा’वर रफार आणि त्याला खेटून अनुस्वार. १९ बिंदूंत या दोघांचा मिळून एक करडा डाग होतो आणि अनुस्वार राहिला की आहे, हे नजरेला ठरवता येत नाही. ‘रु’ आणि ‘रू’चंही तसंच. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातली फट तर लहान टायपात बुजतेच. एरवीच्या वाचकाचं यात काही बिघडत नाही, तो संदर्भाने शब्द ओळखतो. मुद्रितशोधकाला मात्र संदर्भाने ओळखायची सवय मोडूनच हे काम करावं लागतं. १७६ बिंदूंच्या पडद्यावर त्याच अक्षराला २७ बिंदू मिळतात, रफार आणि अनुस्वार सुटे दिसतात, आणि पान मोठं न करता वाचता येतं.

पान मोठं करून का वाचू नये, असं कुणी विचारेल. वाचता येतंच. पण मग ओळ पडद्याबाहेर जाते, दर ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावं लागतं, आणि सरकवताना ओळ चुकते. टीएन पडद्याची दुसरी अडचण म्हणजे वरून किंवा खालून पाहिलं की रंग उलटतात. एसटीत मान आणि पडदा दोन्ही हलत असतात, तिथे हे फार त्रासाचं.

फुल एचडी घेतल्यावरही एक उणीव उरते, ती आकाराची. या पडद्याची उंची जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर आहे. डेमी आकाराचं (सुमारे साडेपाच बाय साडेआठ इंचांचं) पान मूळ मापात पाहायचं तर त्याचा वरचा दोन-तृतीयांश भागच दिसतो, आणि पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रामच्या मेनूपट्ट्या दाखवल्या तर त्याहून कमी. रुंदीत मात्र समोरासमोरची दोन पानं जवळजवळ बसतात. म्हणजे पानाची मांडणी, वरचा मथळा, खालचा पृष्ठांक एका नजरेत तपासायचा असेल तर पान लहान करावंच लागतं. मी प्रवासात फक्त मजकूर वाचते आणि मांडणीची तपासणी घरी मोठ्या मॉनिटरवर करते. एचडीएमआयची जागा यात आहे, त्यामुळे वेगळा जोड विकत घ्यावा लागत नाही.

कीबोर्डबद्दल मी मनापासून चांगलं बोलेन. इतक्या लहान यंत्रात इतका चांगला कीबोर्ड मी दुसरा वापरलेला नाही. कळा किंचित खोलगट आहेत, बोट आपोआप मध्यभागी बसतं, आणि दाबल्यावर कळ उचलून धरते. इनस्क्रिप्ट या देवनागरी टायपिंगच्या मांडणीत डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं असल्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. कळ खोल आणि ठाम असली की तो ठेका सापडतो. पेज-अप आणि पेज-डाउन या कळा वरच्या बाणाच्या दोन बाजूंना आहेत. पानामागून पान वाचणाऱ्याला उजवा हात न हलवता पुढे जाता येतं, ही सोय मला फार मोलाची वाटते. कळांच्या मधला, कर्सर हलवणारा लाल ठिपका आणि त्याखालचं मधलं बटण एकत्र वापरलं की मजकूर हवा तितकाच, अगदी ओळ-दीड ओळ वर सरकतो. पहिला आठवडा बोट दुखतं. नंतर माऊस बाहेर काढावासा वाटत नाही.

कीबोर्डविषयी एक सावधगिरी. परदेशातून आलेल्या यंत्रांवर त्या त्या देशाची मांडणी असते. इंग्लंडहून आलेल्या यंत्रात एन्टरची कळ उभी असते आणि इनस्क्रिप्टमधल्या ‘ॉ’ची कळ एक ओळ खाली, एन्टरला चिकटून येते. डॉक्टर, ऑफिस, कॉलेज असे शब्द दर पानावर असतात, तेव्हा हात सारखा अडतो. आपल्याकडे चालते ती अमेरिकन मांडणी, आडव्या एन्टरची, हे पाहूनच घ्या. डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएन कळ आहे, याचाही अनेकांना जाच होतो. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन दोघींची अदलाबदल करता येते.

बॅटरी दोन आहेत: एक आत, २३ वॉट-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप), आणि एक मागे, बाहेरून काढता येणारी. बाहेरची तीन आकारांत मिळते, २३, ४८ आणि ७२ वॉट-अवर. आतली चालू असताना बाहेरची बदलता येते, यंत्र बंद करावं लागत नाही. मोठी बॅटरी खाली पाय आल्यासारखी बाहेर येते, वजन वाढतं, पण कीबोर्डला छान उतार येतो. २०१८ च्या एक्स२८० मध्ये कंपनीने ही सोय काढून टाकली, रॅमही बोर्डावर पक्की केली, आणि नेटवर्कच्या वायरसाठी वेगळा जोड लागू लागला. तो हलका आहे, दिसायला सुबक आहे. पण जुन्या बाजारातून घेताना मला बॅटरी स्वतः बदलता येणं महत्त्वाचं वाटतं, कारण जुन्या यंत्रात सगळ्यात आधी तीच थकते.

आता मोठी उणीव. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची आठवी पिढी ही किमान अट ठेवली आहे, आणि यात सहावी किंवा सातवी पिढी असते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आडवाटेने विंडोज ११ घालून देणारे दुकानदार आहेत. मला तो मार्ग पटत नाही, पुढचे अपडेट नीट येतील याची खात्री नसते. मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली वापरते. इनस्क्रिप्ट त्यात येतो, युनिकोड देवनागरी नीट दिसते, लिब्रेऑफिसमध्ये दुरुस्त्यांची नोंद ठेवता येते, ओक्युलर या पीडीएफ वाचायच्या प्रोग्राममध्ये पीडीएफवर टिपा लिहून त्याच फाइलमध्ये जपता येतात.

मात्र तुमचे प्रकाशक अजून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या वर्ड फाइली पाठवत असतील, तर लिनक्सवर त्या फाइलीत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा दिसेल. पीडीएफला ही अडचण सहसा येत नाही, कारण फाँट तिच्या आतच बांधलेला असतो. तेव्हा आधी आपल्याकडे काय येतं ते पाहा. पानं स्वतः लावणाऱ्या, इनडिझाइनवर काम करणाऱ्या माणसाने या यंत्राच्या वाटेला जाऊ नये.

त्याच पैशांत नवा का नको? या किमतीच्या नव्या लहान लॅपटॉपांत बहुधा सेलेरॉन हा कमी ताकदीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी (एसएसडीपेक्षा संथ) साठवण असते. रॅम पक्की, साठवण पक्की, काहीच वाढवता येत नाही. विंडोज आणि तिचे अपडेट ठेवल्यावर त्या ६४ जीबीत फारसं काही उरत नाही. वॉरंटी मिळते, वजन कमी असतं, बॅटरी कोरी असते, हे मान्य. विद्यार्थ्याला ऑनलाइन तास ऐकायला चालेल. तीनशे पानांची पीडीएफ, शब्दकोशाचं संकेतस्थळ आणि लेखकाची मूळ फाइल एकाच वेळी उघडायची असेल तर ४ जीबी कमी पडते. एक्स२७० मध्ये रॅमची जागा एकच आहे, त्यामुळे वाढवताना जुनी पट्टी काढून टाकावी लागते. पण वाढवता तरी येते.

आवाज बारीक आहे आणि कॅमेरा कामापुरता. मला त्याचं काही वाटत नाही.

घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला आधी विचारा, “दादा, पडदा फुल एचडी आहे ना?” “हो ताई, एचडीच आहे,” असं उत्तर आलं तर थांबा, एचडी आणि फुल एचडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्प्ले सेटिंगमध्ये १९२० बाय १०८० हा आकडा स्वतः पाहा आणि पडदा मागे कलवून रंग उलटतात का तेही पाहा. दोन्ही बॅटऱ्यांची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता अहवालात काढून दाखवायला सांगा. चार्जर पिवळ्या चौकोनी जागेत आणि टाइप-सीमध्ये, दोन्हीकडे लावून बघा. सोबत पेन ड्राइव्हवर आपल्या कामातली एखादी पीडीएफ न्या, ती मूळ आकारात उघडा आणि दुकानातच उभ्याने एक पान वाचा. अनुस्वार दिसले तर पैसे द्या.